बाळंतिणीनं स्वतःची काळजी घ्यायची, पण तेवढ्या वेळात बाळ कोण धरणार?

सोलापुरात बाळंतीण घरी आली की कानाला फडकं बांधलं जातं, बाजेखाली शेगडी सरकते आणि घरातली थोरली बाई बजावते, "पाणी बेतानं पी गं, पोट सुटतंय नाहीतर." शहराच्या पूर्व भागात हेच तेलुगूत सांगतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये. सल्ल्यात तसूभर फरक नाही. दिवस एप्रिल-मेचे असले तर बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि आत पत्र्याच्या खोलीत ही बाई स्वेटर घालून बसलेली असते.

सव्वा महिन्याच्या रिवाजाला मी नावं ठेवणार नाही. चाळीस दिवस बाईला जड कामाला हात लावू द्यायचा नाही, हा त्यातला गाभा वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. बाकीच्यातलं काही ठेवण्यासारखं आहे, काही आजच बंद करावं असं. पण एक मोठी उणीव आहे. या सगळ्या व्यवस्थेत आजी, मावशी, न्हाऊ घालणारी बाई अशा सगळ्यांना काम नेमून दिलेलं आहे. बाळाच्या बापाला काहीच नाही. हल्ली सगळे नव्या आईला सांगतात, "स्वतःची काळजी घे." ती घेईलही. पण आंघोळ, जेवण, झोप, औषध यांपैकी काहीही करायचं तर त्या वेळात बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असावं लागतं. म्हणून या दोन विषयांवर वेगवेगळं लिहिण्यात अर्थ नाही.

अंगात काय चाललेलं असतं

वार पडली की ती गर्भाशयाला जिथं चिकटलेली होती तिथं तळहाताएवढी जखम उरते. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे घरच्यांच्या लक्षातही राहत नाही. नॉर्मल डिलिव्हरी असो की सिझेरियन, ही जखम दोघींना असते. त्या दिवशी गर्भाशयाचं वजन साधारण किलोभर असतं आणि सहा आठवड्यांत ते आकसत आकसत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. बाळ अंगावर पीत असताना ओटीपोटात कळा येतात त्या याच आकसण्याच्या. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल असतं, दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी होतं, मग पिवळसर-पांढरं होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतं. फिकट झालेलं पुन्हा लालभडक व्हायला लागलं तर अनेकदा कारण साधं असतं: बाई झेपेल त्याहून जास्त उठबस करत असते. पण तासाभरात अख्खं पॅड भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडतायत, असं झालं तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा. ताप १००.४ च्या वर गेला, स्रावाला घाण वास यायला लागला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं तरीही त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

यात सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते डोकेदुखीकडे. बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका टळला असा समज आहे, आणि तो चूक आहे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी उसळू शकतं, गरोदरपणी ते अगदी ठीक असलं तरी. डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतंय असं ती म्हणाली तर बाम चोळून झोपवू नका. बीपी मोजून घ्या. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं तर लगेच डॉक्टर. उशीर झाला तर झटके येऊ शकतात.

सिझेरियन झालेल्या बाईनं सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. आता सोलापूरचा विचार करा. नळाला रोज पाणी येण्याची सवय आपल्याला नाही. काही दिवसांआड येतं, कधी अवेळी येतं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यायचं असतं. भरलेली घागर बाळाच्या तिप्पट-चौपट वजनाची असते. "एवढी एक घागर सरकव फक्त" हे वाक्य टाक्यांना चांगलंच महाग पडतं. या शहरात बापाच्या कामांची यादी करायची झाली तर पहिल्या ओळीत पाणी भरणं येईल, लंगोट त्यानंतर.

पाणी, शेगडी आणि डिंकाचे लाडू

पाणी जास्त प्यायल्यानं पोट सुटत नाही आणि टाकेही पिकत नाहीत. पूर्ण अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईच्या शरीरातून दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध जातं. त्यात उन्हाळ्याचा घाम धरा. अशा बाईला पाणी मोजून दिलं तर चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ हे सगळं ओघानं येतं, आणि बद्धकोष्ठाचा जोर टाक्यांवर येतो. पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या हवाच. ताक, वरणाचं पाणी, पेज, काहीही चालेल.

बाळाला मात्र पाणी नको, सोलापूरच्या उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत मध, गुटी, साखरेचं पाणी यांपैकी काहीच लागत नाही.

शेगडीबद्दल स्पष्टच लिहितो. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस झोपेतच गुंगतो. खोलीत त्या वेळी दोन जीव असतात आणि त्यातला एक तीन किलोचा. शिवाय सिझेरियनच्या टाक्यांभोवतालची कातडी बरेच दिवस बधिर असते, शेक जास्त झाला तरी कळत नाही आणि भाजतं. कंबर शेकायची तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून वापरा. या गावात टॉवेलाला तोटा नाही. बाळालाही उन्हाळ्यात सुती झबलं पुरे. पंखा चालतो, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको.

खाण्यात जुन्या बायकांना पैकीच्या पैकी गुण द्यावेत. आळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात तूप, खोबरं, खारीक आहे आणि पाजणाऱ्या आईला रोज पाचशे ते सहाशे कॅलरी जास्त लागतातच. खटकतं ते दुसऱ्या टोकाचं: भात बंद, डाळ बंद, फळं बंद, हिरवी भाजी बंद. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाची चटणी, चालत असेल त्या घरात अंडं, असं नेहमीचं सकस जेवण दोन घास जास्त घेऊन जेवावं. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस आणि कॅल्शियमच्या सहा महिने घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन्ही एकदम गिळू नयेत आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको, अंगाला लागत नाही.

मनाचं काय

वार पडल्यावर शरीरातली दोन मुख्य संप्रेरकं काही दिवसांतच धाडकन खाली येतात. त्यात झोप नाही, टाके दुखतायत, बाळ रडतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू यायला लागतं. निम्म्याहून अधिक बायकांना असं होतं आणि दोन आठवड्यांत बहुतेकींचं आपोआप ओसरतं. जवळ बसणं, बाळ घेणं, तिला झोपू देणं, एवढ्यावर ते निभावतं.

दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली तर ती वेगळी गोष्ट आहे. त्याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे पाचांत एक. आपल्या गल्लीत किती बाळंतिणी झाल्या ते मोजा आणि त्यांपैकी कितींचं नाव या कारणानं कानावर आलं ते आठवा. गोव्यातल्या आयांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गरिबी आणि नवऱ्याचा त्रास ही कारणं त्यात होतीच, पण मुलगा हवा असताना मुलगी होणं याचाही धोक्याशी संबंध दिसला. पेढे की बर्फी यावरून घरात पडणारे चेहरे ती बाजेवरून बघत असते.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. बाळ झोपलंय, घर शांत आहे, कुणी हाक मारत नाही, आणि तरीही तिचा डोळा लागत नाही. असं रोज होत असेल तर विचारा. आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, "मी वाईट आई आहे" असं सारखं म्हणणं, मरणाचे विचार येणं, याही खुणाच. यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत आणि अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हजारात एक-दोघींना याहून गंभीर आजार होतो. झोप जवळजवळ थांबते, कुणीतरी बोलतंय असं ऐकू येतं, हे बाळ माझं नाहीच असं वाटायला लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि झपाट्यानं वाढतो. घरचे म्हणतात, "बाहेरचं झालंय." अंगारा-धुपाऱ्यात जे दिवस जातात त्यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. तिला एकटं सोडू नका, बाळाबरोबर एकटं तर अजिबात नको. सरळ मानसोपचार असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

जावईबापू, बसा

आता बापाकडे वळू. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बाप बहुतेक वेळा कामाच्या गावी. सोलापूरची कितीतरी पोरं पुण्याला नोकरीला आहेत. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येतात. येतात ते सासुरवाडीला, म्हणजे जावई म्हणून. त्यांना खुर्ची मिळते, चहा मिळतो, ताटात गोडाधोडाचं असतं. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ फोटोपुरतं मांडीवर येतं, आणि त्यानं तोंड वाकडं केलं रे केलं की सासूबाई उचलून घेतात, "द्या इकडं, रडायलंय ते." तशात सोयर असतं, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस कित्येक घरांत त्यानं खोलीतही जायचं नसतं. सव्वा-दोन महिन्यांनी बायको-बाळ घरी आणली जातात तेव्हा आईचे हात सरावलेले असतात आणि बापाला मान धरायचीही भीती वाटते. मग "त्याला जमत नाही" हे कायमचं ठरून जातं. जमत नाही, कारण शिकायच्या दिवसांत तो पाहुणा होता.

सासूबाईंना दुखवायचं नसेल तर सरळ मागून घ्यावं: "आई, ढेकर मी काढतो, तुम्ही दाखवा." शिकवायला सांगितलेलं कुणालाच वाईट वाटत नाही.

ढेकरेवरच का जोर देतोय त्याचा हिशोब करून बघा. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. दहा धरू. प्रत्येक वेळी पाजण्यात अर्धा-पाऊण तास जातो, तो आईचा. त्यानंतर ढेकर, लंगोट बदलणं, थोपटून झोपवणं यात आणखी अर्धा तास जातो. हा दुसरा अर्धा तास कुणीही करू शकतं. दहा वेळचे मिळून पाच तास झाले. बापानं त्यातले निम्मे उचलले तरी आईला रोज अडीच तासांची झोप परत मिळते. रात्रपाळी म्हणजे काय हे यंत्रमागाच्या गावाला वेगळं समजवायला नको: रात्री बाळ उठलं की त्यानं उचलून तिच्या कुशीत द्यायचं, तिनं पडल्या पडल्या पाजायचं, आणि पाजून झालं की तिनं कूस बदलायची. पुढचं सगळं त्याचं.

ढेकर काढायची रीत अशी. खांद्यावर स्वच्छ पंचा टाका. बाळाची हनुवटी खांद्याच्या वर येईल असं उभं धरा. एक हात कुल्ल्यांखाली, दुसऱ्याचा तळवा मानेपासून पाठीवर. मान पहिले काही महिने धरत नाही, तेव्हा मानेचा आधार सुटू द्यायचा नाही; खालचा हात घट्ट करून वरच्या हातानं पाठीवर हलके थापटायचं. पाच-दहा मिनिटांत ढेकर आली तर ठीक, नाही आली तरी आकाश कोसळत नाही. पंचावर थोडं दूध येईल. मग उताणं झोपवा, पालथं नको. मुलीची शी पुसताना पुढून मागे पुसायचं, उलट नाही. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपली आपण पडते.

लंगोट मोजणं हेही बापाकडे द्यावं. "दूध पुरत नाही" म्हणून वरचं दूध सुरू होतं ते बहुधा अंदाजानं. सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं घटतंच.

तिसरं काम सोपं आहे आणि सगळ्यात सुखाचं. शर्ट काढा, बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून छातीवर उभं टेकवा, वरून पातळ चादर. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आज जगभर वापरली जाते, आणि बापाच्या छातीवरही ती काम करते. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या तरुणांचा अभ्यास २०११ मध्ये आला. बाप झालेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त बाळाचं करणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. शरीर बापपणाला जुळवून घेतं. "बायकांचं काम" म्हणणाऱ्यांनी वाटल्यास याचा विचार करावा.

रडण्याचंही सांगून ठेवतो. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी संध्याकाळी बाळ तासभर रडतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास हे सर्वात जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी होतं. राग अनावर झाला तर बाळाला उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. कधीही गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होतो. बापालाही नैराश्य येतं, साधारण दहातल्या एकाला, आणि ते बहुधा चिडचिडीच्या किंवा दारूच्या रूपात दिसतं. १४४१६ त्याच्यासाठीही आहे.

तंबाखूचं घर

हे सोलापूरला वेगळं लिहावंच लागतं. विड्या वळणाऱ्या बायकांना पगारी रजा माहीत नाही. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे बाळंतीण महिनाभरात पुन्हा सूप मांडीवर घेते. शेजारीच पाळणा. तंबाखूची धूळ बाळाच्या श्वासात जाते, आणि निकोटीन आईच्या दुधातही उतरतं. वळणं टाळता येत नसेल तर सूप पाळण्याच्या खोलीत नको, आणि पाजण्याआधी साबणानं हात धुऊन वरचं लुगडं किंवा ओढणी बदलावी. बापानं विडी घराबाहेर ओढली तरी कपड्यांना धूर चिकटलेला असतो. मावा मळलेले हात न धुता बाळाला घेऊ नये. विडी ओढणाऱ्यानं बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नये, अशा झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो.

बेचाळिसावा दिवस

दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. सगळे फक्त बाळाचं वजन विचारतात; आईबद्दलही विचारा. सहा आठवड्यांच्या तपासणीला नवऱ्यानं बरोबर जावं. बीपी आणि हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, गरोदरपणी साखर वाढली असेल तर ती पुन्हा तपासायची, टाके दाखवायचे. शिंकताना लघवी सुटत असेल तर तेही सांगायचं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, लाजून गप्प बसलं की वर्षानुवर्षं त्या त्रासातच जातात. तीन-चार महिन्यांनी केस मूठभर गळायला लागतील, तेवढं मनावर घेऊ नका, परत येतात.

आणि पाळणा लांबवण्याचं त्याच भेटीत बोला. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, यावर विसंबून फसलेली घरं कमी नाहीत, कारण पाळीच्या आधी बीज सुटतं. तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध, कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुष नसबंदी, सगळं सरकारी दवाखान्यात मिळतं. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची असते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पुढचे तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्य तपासून घ्यावं लागतं.